आयेल्ट्सच्या लेखनात लोकसंख्येचा तक्ता किंवा आलेख आला तर: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

आयेल्ट्स ही परदेशी शिक्षणासाठी, नोकरीसाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या अकॅडमिक प्रकारात लेखन विभागातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा आकड्यांचा असतो. तक्ता, रेषांचा आलेख, स्तंभालेख किंवा वर्तुळालेख समोर ठेवतात आणि त्याचं वर्णन करायला सांगतात. या प्रश्नात लोकसंख्या वारंवार येते: एखाद्या देशाची शंभर वर्षांतली वाढ, शहरी-ग्रामीण वाटणी, वयोगट, २०५० पर्यंतचे अंदाज. ही परीक्षा मी दिली आहे आणि आता ओळखीतल्या मुलामुलींचे सरावाचे पेपर तपासते. इंग्रजी चांगलं असलेली मुलंसुद्धा इथे अडतात, आणि बहुतेक वेळा भाषेमुळे नाही. समोरचा आकडा नेमका कशाचा आहे हे न पाहताच ती लिहायला लागतात. म्हणून या लेखात आकडा वाचण्यावर जास्त भर आहे, शब्दसंग्रहावर कमी.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आधी मोठ्याने वाचा, तोंडात बसू द्या, मग वहीत रोमन लिपीत उतरवा.

१. परीक्षा काय मागते ते आधी समजून घ्या

लेखनाला एकूण ६० मिनिटं असतात आणि प्रश्न दोन. पहिल्याला किमान १५० शब्द, दुसऱ्याला म्हणजे निबंधाला किमान २५०. दुसऱ्या प्रश्नाचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे, त्यामुळे पहिल्यावर २० मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. लोकसंख्येचा तक्ता मोठा दिसला की मुलं अर्धा तास त्यातच अडकतात आणि निबंध अपुरा राहतो. हा सौदा फार महाग पडतो.

फॉर्म भरताना अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग यातला फरक तपासा. जनरलमध्ये पहिल्या प्रश्नाला पत्र लिहायचं असतं, आलेख नसतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची असेल तर अकॅडमिकच लागते, परदेशी विद्यापीठंही बहुधा तीच मागतात. आपल्याला कुठली हवी ते संबंधित संस्थेच्या अधिकृत पानावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रश्नाच्या खाली दर वेळी एकच सूचना असते: मुख्य गोष्टी निवडा, त्या मांडा आणि जिथे योग्य तिथे तुलना करा. यातला ‘निवडा’ हा शब्द गांभीर्याने घ्या. परीक्षक चार गोष्टी तपासतात: काम पूर्ण झालं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दांची श्रीमंती, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकपणा. पहिल्या निकषात सगळ्यात मोठा भाग ‘ओव्हरव्ह्यू’चा असतो, म्हणजे आकड्यांमधून दिसणारं मोठं चित्र एक-दोन वाक्यांत सांगणं. स्पष्ट ओव्हरव्ह्यू नसेल आणि आकडे यांत्रिकपणे ओळीने सांगितले असतील, तर त्या निकषात ९ पैकी ५ च्या आसपासच गाडी थांबते, इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी.

२. हाताशी काय ठेवायचं

परीक्षेच्या दिवशी:
– मूळ पासपोर्ट. भारतात ओळखीसाठी हाच चालतो, आधार किंवा पॅन चालत नाही. नोंदणीत ज्या पासपोर्टचा क्रमांक दिला तोच घेऊन जा. मध्ये नूतनीकरण झालं असेल तर केंद्राला आधीच कळवा.
– नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच नोंदणीत आहे ना, हे पुष्टीच्या ईमेलमध्ये त्याच दिवशी बघून घ्या.

सरावासाठी:
– केंब्रिजने छापलेले जुने प्रश्नसंच. त्यात नमुना उत्तरं आणि परीक्षकांचे शेरे असतात. शेरे उत्तरांपेक्षा जास्त शिकवतात.
– जनगणनेचे तक्ते. भारताच्या जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात आणि सरावाला यापेक्षा चांगलं साहित्य नाही, कारण त्यातली गावं, जिल्हे तुमच्या ओळखीचे असतात. चूक वाचलीत तर लगेच खटकतं.
– संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या अंदाज. भविष्यकाळाच्या सरावासाठी.
– मोबाइलवरचं घड्याळ, आणि संगणकावर परीक्षा असेल तर स्पेलिंग तपासणी बंद केलेला साधा एडिटर. संगणकावरच्या परीक्षेत शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण स्पेलिंग कुणी दुरुस्त करून देत नाही.

३. लाख-कोटीतून मिलियनमध्ये या

आपण लाख-कोटीत विचार करतो आणि परीक्षेतले आकडे हजार, मिलियन, बिलियनमध्ये असतात. घाईत इथे दहापटीची चूक सहज होते. हे चार रूपांतरं पाठच करा:

१ लाख = ०.१ मिलियन
१० लाख = १ मिलियन
१ कोटी = १० मिलियन
१०० कोटी = १ बिलियन

२०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७ होती. आपण तिला १२१ कोटी म्हणतो. घाईत ‘१२१ मिलियन’ लिहून मोकळी झालेली मुलं मी पाहिली आहेत. खरं तर ते १,२१० मिलियन किंवा १.२१ बिलियन आहेत. स्वल्पविरामही बदलतो: इंग्रजी पद्धतीत तोच आकडा १,२१०,८५४,९७७ असा, दर तीन अंकांनंतर स्वल्पविराम देऊन लिहितात.

अक्षाजवळ बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. ‘इन थाउजंड्स’ असेल आणि स्तंभ ४,५०० वर असेल, तर तिथे ४.५ मिलियन लोक आहेत, साडेचार हजार नाहीत. आकड्यानंतर ‘मिलियन’ला एस लागत नाही: ‘ट्वेल्व्ह मिलियन पीपल’. ‘मिलियन्स ऑफ पीपल’ हे फक्त आकडा नसताना. आणि उत्तरात लाख किंवा क्रोर हे शब्द आणू नका, आलेखाने जे एकक दिलंय तेच ठेवा.

४. आकडा कशाचा आहे?

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ देऊन समजून घ्या. लोकसंख्येच्या प्रश्नात आकडे चार प्रकारचे येतात: लोकांची प्रत्यक्ष संख्या, एकूणातला टक्का, वाढीचा दर, आणि गुणोत्तर. चारही वेगळी भाषा मागतात. पहिल्या मिनिटाला शीर्षक आणि अक्षांची नावं वाचून यातला कुठला प्रकार आहे ते पेन्सिलीने कागदावर लिहा.

संख्या आणि टक्का यांची गल्लत. २०११ मध्ये गोव्यातले ६२.२ टक्के लोक शहरी भागात राहत होते, महाराष्ट्रातले ४५.२ टक्के. आता हे टक्के पाहून ‘गोव्यात शहरी लोक जास्त आहेत’ असं लिहिलं तर ते सपशेल चुकीचं. महाराष्ट्रात शहरी लोक ५ कोटींहून जास्त होते, गोव्यात सुमारे ९ लाख. बरोबर वाक्य असं: ‘अ लार्जर प्रपोर्शन ऑफ गोवाज पॉप्युलेशन लिव्ह्ड इन अर्बन एरियाज’. टक्क्यांच्या आलेखात ‘प्रपोर्शन’, ‘पर्सेंटेज’, ‘शेअर’ हे शब्द वापरा. ‘नंबर’ हा शब्द तिथे आणूच नका.

आणखी एक उदाहरण देते, कारण हा सापळा परीक्षेत हटकून असतो. २००१ ते २०११ या काळात भारताच्या ग्रामीण लोकसंख्येचा वाटा ७२.२ टक्क्यांवरून ६८.८ टक्क्यांवर आला. त्याच काळात खेड्यात राहणारे लोक मात्र ७४ कोटींवरून ८३ कोटींवर गेले. वाटा घसरला, माणसं वाढली. म्हणून टक्के दाखवणाऱ्या आलेखावर ‘द रूरल पॉप्युलेशन डिक्रीज्ड’ असं लिहिणं धोक्याचं. ‘द शेअर ऑफ पीपल लिव्हिंग इन रूरल एरियाज डिक्रीज्ड’ लिहा, म्हणजे कुणी बोट ठेवू शकणार नाही.

दर आणि संख्या. १९९१ मध्ये भारताची लोकसंख्या ८४.६४ कोटी होती, २००१ मध्ये १०२.८७ कोटी, २०११ मध्ये १२१.०९ कोटी. दोन्ही दशकांत जवळपास तेवढीच, म्हणजे १८.२ कोटींच्या आसपास माणसं वाढली. पण दशवार्षिक वाढीचा दर २१.५ टक्क्यांवरून १७.७ टक्क्यांवर आला. या दराचा रेषालेख काढला तर रेषा खाली जाताना दिसते, आणि ती पाहून विद्यार्थी ‘लोकसंख्या कमी झाली’ असं लिहून बसतो. दराची रेषा शून्याच्या वर आहे तोवर लोकसंख्या वाढतेच आहे, फक्त वेग कमी झालाय. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘द पॉप्युलेशन कंटिन्यूड टू ग्रो, बट ॲट अ स्लोअर रेट’. खऱ्या अर्थाने घट हवी असेल तर भारताच्या जनगणनेत ती एकाच दशकात आहे: १९११ ते १९२१, २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटी.

टक्के आणि टक्केबिंदू. १९५१ मध्ये भारतातले १७.३ टक्के लोक शहरी होते, २०११ मध्ये ३१.२ टक्के. सरळ वजाबाकी केली तर फरक सुमारे १४ ‘पर्सेंटेज पॉइंट्स’चा, म्हणजे टक्केबिंदूंचा आहे. ‘इन्क्रीज्ड बाय १४%’ लिहिलं तर त्याचा अर्थ १७.३ चे १४ टक्के, म्हणजे जेमतेम अडीच टक्केबिंदू असा होतो. शंका असेल तर ‘बाय’ टाळून ‘फ्रॉम १७.३% टू ३१.२%’ लिहा. त्यात चुकायला जागाच नाही.

गुणोत्तर. आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया हे सांगतात. २०११ मध्ये भारतात ९४३, रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुधा दर शंभर स्त्रियांमागे किती पुरुष हे असतं. म्हणजे आकडा वाढला की स्त्रिया कमी. सवयीने उलटं वाचलं जातं, म्हणून तक्त्याच्या डोक्यावरची ओळ दोनदा वाचा.

वयोगटाचा मनोरा आला तर घाबरू नका. खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं, एका बाजूला पुरुष, दुसरीकडे स्त्रिया. तळ रुंद असेल तर मुलांचं प्रमाण जास्त. दोन सालांचे मनोरे शेजारी असतील तर तळ आणि माथा एवढंच आधी ताडून बघा, मधल्या पट्ट्या नंतर.

५. लिहिण्याआधी चार मिनिटं थांबा

ही चार मिनिटं फुकट जात नाहीत, पुढची सोळा त्यांच्यावर चालतात. कागदावर एवढंच काढा: सगळ्यात मोठा कोण, सगळ्यात लहान कोण, कोण वाढलं, कोण घटलं, कुणी कुणाला मागे टाकलं, कोण स्थिर राहिलं. मग त्यावरून दोन गट पाडा. गट सालांचे पाडू नका, वागणुकीचे पाडा: वाढणारे एका परिच्छेदात, घटणारे किंवा स्थिर दुसऱ्यात.

सोडायचं काय हेही आताच ठरवा. दहा सालांचा रेषालेख असेल तर सुरुवात, शेवट, शिखर, तळ आणि जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा पुरते. प्रत्येक साल लिहायला गेलात तर वाचणाऱ्याला आलेखापेक्षा जास्त मेहनत पडते. क्लासेसमध्ये काही वेळा ‘एकही आकडा सोडू नका’ असं सांगतात. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, कारण तो प्रश्नाखालच्या सूचनेच्या थेट विरुद्ध आहे. छोट्या तक्त्यात सगळे आकडे बसले तर हरकत नाही, पण ते बसवणं हे ध्येय नव्हे.

६. चार परिच्छेद, एका खऱ्या तक्त्यावर

महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांचा जनगणनेतला हा तक्ता घ्या. ठाण्याचे आकडे पालघर वेगळा होण्याआधीचे, म्हणजे जुन्या अखंड जिल्ह्याचे आहेत.

ठाणे: २००१ मध्ये ८.१३ मिलियन, २०११ मध्ये ११.०६
पुणे: ७.२३, नंतर ९.४३
रत्नागिरी: १.७०, नंतर १.६२
सिंधुदुर्ग: ०.८७, नंतर ०.८५

कोकणातल्या कुणालाही यातली गोष्ट लगेच दिसेल. आता ती परीक्षेच्या भाषेत आणू.

पहिला परिच्छेद, एकच वाक्य. प्रश्नातलं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगा. जसंच्या तसं उतरवलेले शब्द मोजणीत धरत नाहीत. ‘द टेबल शोज हाउ मेनी पीपल लिव्ह्ड इन फोर डिस्ट्रिक्ट्स ऑफ महाराष्ट्र, इंडिया, इन २००१ अँड २०११.’ प्रश्नात ‘द पॉप्युलेशन ऑफ’ असेल तर ‘हाउ मेनी पीपल लिव्ह्ड इन’ हा सगळ्यात सोपा आणि बिनधोक बदल. ‘पॉप्युलेशन’ला समानार्थी शब्द शोधत ‘इनहॅबिटन्सी’सारखे चमत्कारिक शब्द आणू नका.

दुसरा परिच्छेद, ओव्हरव्ह्यू. ‘ओव्हरऑल, द टू मोस्ट पॉप्युलस डिस्ट्रिक्ट्स ग्रू कन्सिडरेबली ओव्हर द डेकेड, व्हेअरॲज द टू स्मॉलर वन्स सॉ अ स्लाइट डिक्लाइन.’ यात एकही आकडा नाही हे बघा. तुमचा पेपर वाचणाऱ्याने फक्त हे वाक्य वाचलं तरी तक्त्याचा आकार त्याला कळला पाहिजे. ओव्हरव्ह्यू शेवटी लिहिला तरी चालतो, पण वेळ संपला की शेवटचंच राहतं. म्हणून दुसऱ्या जागी लिहा.

तिसरा परिच्छेद, वाढणारे. ‘ठाणे वॉज द लार्जेस्ट ऑफ द फोर इन बोथ यिअर्स. इट्स पॉप्युलेशन रोज फ्रॉम ८.१३ मिलियन टू ११.०६ मिलियन, अ गेन ऑफ जस्ट अंडर ३ मिलियन, ऑर रफली ३६%. पुणे फॉलोड अ सिमिलर पॅटर्न, ग्रोइंग बाय अबाउट २.२ मिलियन टू ९.४३ मिलियन.’

चौथा, घटणारे आणि एक मोठी तुलना. ‘बाय कॉन्ट्रास्ट, रत्नागिरी लॉस्ट अराउंड ८०,००० रेसिडेंट्स, एंडिंग द पीरियड ॲट १.६२ मिलियन. द फॉल इन सिंधुदुर्ग वॉज स्मॉलर, फ्रॉम ०.८७ टू ०.८५ मिलियन. बाय २०११, ठाणे हॅड अबाउट थर्टीन टाइम्स ॲज मेनी पीपल ॲज सिंधुदुर्ग, अप फ्रॉम रफली नाइन टाइम्स टेन यिअर्स अर्लिअर.’

सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. उरलेले पंचवीस-तीस तुम्ही भरा: पुण्याची वाढ टक्क्यांत काढा (सुमारे ३०), ती ठाण्याशी ताडून बघा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घट टक्क्यांत किती ते सांगा. शेवटचं तेरापट आणि नऊपटीचं वाक्य तक्त्यात कुठेही लिहिलेलं नाही, दोन आकडे भागून ते मिळालं. परीक्षकाला ‘तुलना’ म्हणून हेच हवं असतं. एका उत्तरात असं एखादं वाक्य नक्की असू द्या. भागाकार तोंडी जमेल असेच आकडे निवडा.

वेगळा समारोप लिहायचा नाही. ओव्हरव्ह्यू असताना शेवटी ‘इन कन्क्लुजन’ म्हणत तेच पुन्हा सांगितलं, तर शब्द आणि वेळ दोन्ही जातात.

७. मराठीतून इंग्रजीत येताना अडखळण्याच्या जागा

तपासताना मला सतत दिसणाऱ्या गोष्टी, महत्त्वाच्या आधी:

तुलना कुणाची कुणाशी. ‘द पॉप्युलेशन ऑफ पुणे वॉज लार्जर दॅन रत्नागिरी’ यात लोकसंख्येची तुलना एका जिल्ह्याशी झाली. ‘दॅन दॅट ऑफ रत्नागिरी’ हवं. मराठीत ‘पुण्याची लोकसंख्या रत्नागिरीपेक्षा जास्त’ हे चालून जातं, म्हणून ही चूक कानाला खटकत नाही. हे एक दुरुस्त केलंत तर व्याकरणाचा निकष लगेच वर सरकतो.

‘वॉज इन्क्रीज्ड’ नको. लोकसंख्या आपली आपण वाढते, तिला कुणी वाढवत नाही: ‘द पॉप्युलेशन इन्क्रीज्ड’, ‘रोज’, ‘ग्रू’. ‘गॉट इन्क्रीज्ड’ तर नकोच.

लोकसंख्या ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ असते. ‘मच पॉप्युलेशन’, ‘मोअर पॉप्युलेशन’ असं लिहू नका. माणसं मोजता येतात, त्यामुळे ‘द नंबर ऑफ पीपल’. ‘अमाउंट ऑफ पीपल’ चुकीचं.

‘फ्रॉम’, ‘टू’, ‘बाय’, ‘ऑफ’, ‘ॲट’. ठाण्याच्याच आकड्यावर बसवा. ‘रोज फ्रॉम ८.१३ टू ११.०६’, ‘रोज बाय २.९३’, ‘अ राइज ऑफ २.९३’, ‘स्टूड ॲट ११.०६ इन २०११’. ‘टू’नंतर पोहोचलेला आकडा, ‘बाय’नंतर फरक. नामानंतर फरक ‘ऑफ’ने. रोज एका नव्या आकड्यावर ही चार वाक्यं लिहिलीत तर आठवड्यात हात बसतो.

‘पर्सेंट’ आकड्यामागे, ‘पर्सेंटेज’ आकड्याशिवाय. ‘थर्टी पर्सेंट ऑफ पीपल’, पण ‘द पर्सेंटेज ऑफ पीपल’.

‘मेजॉरिटी’ म्हणजे निम्म्याहून जास्त. चार वयोगटांत सर्वांत मोठा गट ३८ टक्के असेल तर तो ‘द लार्जेस्ट ग्रुप’ आहे, मेजॉरिटी नाही.

वयोगटांसाठी सरळ शब्द: ‘पीपल एज्ड ६५ अँड ओव्हर’, ‘चिल्ड्रन अंडर १५’, ‘द वर्किंग-एज पॉप्युलेशन’. ‘ओल्ड पीपल’ऐवजी ‘द एल्डर्ली’ किंवा ‘ओल्डर पीपल’.

वाढ-घटीचे शब्द आकड्याच्या मापाचे निवडा. दोन टक्क्यांच्या बदलाला ‘ड्रॅमॅटिक’ म्हणाल तर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. सिंधुदुर्गासाठी ‘स्लाइट’, ठाण्यासाठी ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘सब्स्टॅन्शियल’. ‘स्कायरॉकेटेड’, ‘प्लमेटेड’ हे क्लासच्या यादीतले शब्द लोकसंख्येला क्वचितच शोभतात, कारण लोकसंख्या सहसा सावकाश बदलते.

८. काळ चुकला तर अर्थ चुकतो

साल दिलंय आणि ते उलटून गेलंय: साधा भूतकाळ. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास सुमारे १२८ मिलियनवर शिखराला पोहोचली आणि मग उतरू लागली: ‘पीक्ड ॲट अराउंड १२८ मिलियन इन २००८, बिफोर बिगिनिंग टू फॉल’. एखाद्या सालापर्यंत काय झालं होतं हे सांगायचं तर ‘बाय २०११, द फिगर हॅड रीच्ड’.

साल पुढचं आहे: नुसतं ‘विल’ वापरू नका. तो अंदाज आहे, घडलेली गोष्ट नाही. ‘इज प्रोजेक्टेड टू’, ‘इज एक्स्पेक्टेड टू’, ‘इज फोरकास्ट टू’ यांपैकी काहीही, आलटूनपालटून. अर्धा आलेख भूतकाळाचा आणि अर्धा अंदाजाचा असेल तर अंदाज सुरू होतो त्या सालावर कागदावर उभी रेघ मारा आणि वाक्यं लिहिताना त्या रेघेकडे बघत राहा. अशा प्रश्नात ओव्हरव्ह्यूमध्येही दोन काळ यायला हवेत: झालं काय आणि होईल असं वाटतं काय.

साल अजिबात नाही: साधा वर्तमानकाळ.

९. कारणं, मतं, उपाय यांना इथे जागा नाही

१९११ ते १९२१ या दशकातली घट पाहून १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आठवते. रत्नागिरीचे आकडे पाहून मुंबई-पुण्याला गेलेली घरटी माणसं आठवतात. माहिती खरी असली तरी उत्तरात लिहू नका. आलेखात जे नाही ते या प्रश्नात येत नाही. ‘ड्यू टू बेटर जॉब्स’, ‘गव्हर्न्मेंट शुड’ ही वाक्यं दिसली की खोडा, ती निबंधासाठी राखून ठेवा. ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांनाच हा मोह जास्त होतो. इतिहास-भूगोलाचे पदवीधर आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेले, तुम्ही विशेष जपा.

पाठ केलेले साचेही टाळा. ‘द गिव्हन ग्राफ व्हिव्हिडली एल्युसिडेट्स’ असली सुरुवात परीक्षकांनी असंख्य पेपरांत पाहिलेली असते, आणि पाठ केलेला मजकूर त्यांना ओळखता येतो. साधं ‘द चार्ट शोज’ लिहा आणि जोर तुलनेच्या वाक्यांवर लावा. मुद्द्यांची यादीही करू नका, पूर्ण वाक्यं आणि परिच्छेदच हवेत.

१०. शेवटची दोन मिनिटं

या क्रमाने बघा, वेळ संपला तरी महत्त्वाचं झालेलं असेल:

– एकक: हजार, मिलियन की टक्के? प्रत्येक आकड्यामागे ते आहे का?
– आकडे आलेखाशी पुन्हा ताडा. १९ आणि ९१ ची अदलाबदल घाईत होते.
– ओव्हरव्ह्यू आहे का?
– ‘दॅन’ दिसलं की पुढे ‘दॅट ऑफ’ हवं का ते पाहा.
– क्रियापदांचे काळ, विशेषतः अंदाजाच्या सालांपाशी.
– ‘मिलियन’ला चुकून लागलेला एस.
– शब्द १५० च्या वर आहेत का? १७० ते १९० मध्ये थांबलात तर उत्तम. २५० वर गेलात तर निवड झालेली नाही.

सरावासाठी तुमच्या स्वतःच्या जिल्ह्याचा जनगणनेतला पाच-सहा ओळींचा तक्ता घ्या, तालुकावार किंवा दशकवार. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नका, फक्त ओव्हरव्ह्यूची दोन वाक्यं लिहा, रोज वेगळ्या तक्त्यावर. दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण उत्तर, वीस मिनिटांत. लिहून झाल्यावर तक्ता झाका आणि उत्तर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, इंग्रजी जमत नसेल तर मराठीत सांगा. ऐकणाऱ्याला कोण वाढलं, कोण घटलं आणि साधारण किती एवढं सांगता आलं नाही, तर दुसरा परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.